द्राक्षाचा चोथा आणि चेहऱ्याची कांती

ज्या मुलखाची सारी कीर्ती पिंपांत मुरणाऱ्या मद्यावर उभी आहे, त्याच मुलखाने पुढे चेहऱ्याला लावावयाच्या लेपांचा आणि तेलांचा व्यापार मांडावा, आणि त्या व्यापाराने मद्याइतकाच खानदानी दिमाख मिरवावा, ही गोष्ट फ्रान्समधील बोर्दो परिसरात गेल्या तीस वर्षांत घडून आली आहे. बोर्दो शहराच्या दक्षिणेस मार्तियाक नावाचे गाव असून, तेथील 'शातो स्मिथ ओ लाफित' ही जुनी द्राक्षमळ्याची मिळकत १९९० साली दानिएल आणि फ्लोराँस कातिआर या दांपत्याने विकत घेतली. १९९३ च्या द्राक्षतोडणीच्या दिवसांत बोर्दो विद्यापीठाचे प्राध्यापक जोसेफ व्हेर्कोतेरन तेथे आले असता, रस काढून झाल्यावर बाजूला पडलेल्या बियांकडे पाहून, तुम्ही धन फेकून देत आहात, अशा आशयाचे काही बोलले, आणि ते बोलणे मनावर घेऊन कातिआरांची कन्या मातील्द व जावई बेर्त्राँ तोमा यांनी १९९५ मध्ये 'कोदाली' ही प्रसाधनांची कंपनी काढली, असा या व्यवसायाचा उगम सांगितला जातो. व्यापाराच्या उगमकथेला थोडाफार वर्ख चढलेला असावयाचाच. पण धन घोसात नसून चोथ्यात होते, हा जो या कथेतला मुद्द्याचा तपशील, तो रसायनशास्त्राच्या कसोटीस पुरा उतरतो. नवल असे की, नेमका हाच तपशील पुढे जाहिरातींतून गळाला, त्याच्या जागी दव पडलेल्या टपोऱ्या घोसाचे चित्र आले, आणि त्या चित्राबरोबर गैरसमजांची एक लांबलचक यादी ग्राहकाच्या पदरी पडली.

त्यांतला सर्वांत लोकप्रिय गैरसमज असा की, द्राक्ष हे फळच त्वचेला हितकारक असल्याने ते कुस्करून चेहऱ्यावर चोळले की कार्यभाग झाला. वस्तुस्थिती अशी की, पिकलेल्या द्राक्षाच्या रसात पाणी आणि साखर यांचाच मुख्य भरणा असतो, आणि मद्यासाठी राखलेल्या द्राक्षांत तर साखरेचे प्रमाण शेकडा वीसच्या वर जाते. रसातील टार्टारिक आम्ल, जे कार्ल विल्हेल्म शेले या स्वीडिश रसायनज्ञाने १७६९ मध्ये मद्याच्या पिंपांना आतून धरणाऱ्या खरपुडीपासून वेगळे केले, ते त्वचेवरील मृत पेशींचा थर सैल करणाऱ्या फळाम्लांच्या कुळातले आहे हे खरे. परंतु रसात ते साधारणपणे शेकडा एकाहूनही कमी, तर औषधी दुकानातील फळाम्लांच्या मलमांत त्यांचे प्रमाण याच्या कित्येक पट. तेव्हा घरच्या लेपाने चेहरा चिकट होतो आणि कोठे खरचटलेले असल्यास झोंबतो, याहून अधिक फलनिष्पत्तीची अपेक्षा धरू नये.

द्राक्षवेलीने आपली संरक्षक द्रव्ये ज्या भागांत साठवून ठेवली आहेत, ते भाग म्हणजे बी, साल आणि देठ. बियांचे द्राक्ष खाताना एखादी बी दाताखाली फुटली की जिभेला जी तुरटी बसते, ती तुरटी हीच त्या द्रव्यांची रोजच्या अनुभवातील साक्ष होय. शास्त्रज्ञ त्यांना प्रोअँथोसायनिडिन म्हणतात. या द्रव्यांच्या शोधाचा आरंभ द्राक्षापासून झालाच नाही, ही गोष्ट मला मोठी मौजेची वाटते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईच्या काळात भुईमुगाच्या पेंडीचा उपयोग अन्न म्हणून करावयाचा तर दाण्यावरील लालसर सालीत काही अपायकारक अंश आहे की काय, हे पाहण्याची कामगिरी बोर्दो येथील झाक मास्केलिए या तरुण संशोधकाकडे आली, आणि विषाचा शोध घेता घेता त्यांच्या हाती हे द्रव्य लागले. पुढे त्यांनी ते बोर्दोच्या नैर्ऋत्येस पसरलेल्या लांद प्रदेशातील देवदारवर्गी वृक्षांच्या सालीतून काढले, आणि त्यानंतर द्राक्षाच्या बियांतून. आपण भाजलेल्या शेंगदाण्याची जी साल सुपात घालून फुंकरीने उडवून देतो, तीच या सुगंधी आणि महागड्या बाटल्यांची आद्य पूर्वज आहे, हे प्रसाधनांच्या दुकानात कोणी सांगणार नाही.

येथून जो गैरसमज निघतो, तो पैशाच्या दृष्टीने सर्वांत घातक. बियांत ही द्रव्ये आहेत म्हणजे बियांच्या तेलातही ती असणारच, असे अनुमान ग्राहक सहजच काढतो आणि विक्रेता ते खोडून काढीत नाही. पण तुरट द्रव्ये पाण्यात व मद्यार्कात विरघळणारी आहेत, तेलात नव्हेत. घाण्यातून तेल निघते तेव्हा ती जवळजवळ सगळीच पेंडीत राहतात. म्हणजे ज्या चोथ्यासाठी हा सारा खटाटोप, त्याचाही पुन्हा चोथा होतो आणि धन पुन्हा चोथ्याकडेच जाते. ते मिळवावयाचे तर पाणी व मद्यार्क यांच्या मिश्रणात बियांचा अर्क उतरवावा लागतो. तेल आणि अर्क या दोन निराळ्या वस्तू, दोहोंच्या किमती निराळ्या आणि गुणही निराळे. याचा अर्थ तेल कुचकामाचे असा मात्र नव्हे. ते हलके असते, त्वचेवर फार तेलकटपणा मागे ठेवीत नाही, आणि त्यात लिनोलेइक हे मेदाम्ल सुमारे दोन-तृतीयांश असल्याने कोरड्या कातडीचा ओलावा धरून ठेवण्यास त्याची मदत होते. फक्त लिनोलेइक आम्लच हवे असेल तर आपल्या सोलापूर-मराठवाड्याकडील करडईच्या तेलात ते तितकेच, किंबहुना थोडे अधिकच सापडते, आणि त्यासाठी बोर्दोचा जकातीचा खर्च सोसावा लागत नाही. दोन्ही तेले हवा व प्रकाश लागून लवकर खवट होतात, एवढे लक्षात ठेवावे.

बियांचा विषय निघाला आहे तर नाशिककडेही एक दृष्टी टाकली पाहिजे, कारण अलीकडे 'नाशिकच्या द्राक्षबियांचे' म्हणून काही प्रसाधने बाजारात दिसतात. नाशिक आणि सांगली या जिल्ह्यांतील बहुसंख्य बागा थॉमसन सीडलेस, तास-ए-गणेश, सोनाका अशा खाण्याच्या व बेदाण्याच्या जातींच्या आहेत, आणि या जाती बिनबियांच्या. ज्या द्राक्षात बीच नाही, त्याच्या बीचे तेल कोठून यावयाचे? ते आलेच तर शिराझ, काबर्ने सोव्हिन्याँ, शेनिन ब्लाँ या मद्याच्या जातींतून येणार. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर करून विंचूर येथे वाइन पार्कची तजवीज केली, त्यानंतर या जातींची लागवड वाढली खरी, पण खाण्याच्या द्राक्षांच्या मानाने ती अद्याप थोडकीच आहे. तेव्हा नाशिकचे नाव बाटलीवर पाहून भारावून जाण्याआधी, बी कोणत्या जातीची आणि कोणाच्या वायनरीची, हा प्रश्न विक्रेत्यास बिनदिक्कत विचारावा.

यानंतर रेस्व्हेराट्रॉलचे प्रकरण. हे द्रव्य प्रथम १९३९ मध्ये जपानी रसायनज्ञ ताकाओका यांनी एका विषारी रानवनस्पतीतून काढले. द्राक्षवेलीत ते १९७६ मध्ये सापडले, आणि तेही अशा स्थितीत की, बुरशीचा हल्ला झाला किंवा अतिनील किरणांचा मारा झाला म्हणजे वेल ते आत्मरक्षणार्थ तयार करते. १९९१ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीवर, फ्रेंच माणसे लोणी-चीज खाऊनही हृदयविकाराने कमी का मरतात, या कोड्याची चर्चा झाली, तांबड्या मद्याकडे बोट दाखविले गेले, आणि पुढल्याच वर्षी मद्यात रेस्व्हेराट्रॉल आढळल्याचे प्रसिद्ध झाल्यावर लोकांनी दोन्ही गोष्टींची सांगड घालून टाकली. वस्तुतः तांबड्या मद्याच्या लिटरभरात हे द्रव्य काही मिलिग्रॅमच असते. त्याच्या भरवशावर कांती उजळावी म्हणून रोज पेला रिचविणाऱ्याच्या गालांवर जी लाली चढते, ती मद्यार्काने रक्तवाहिन्या फुगल्याची, आरोग्याची नव्हे. प्रसाधनात वापरले जाणारे रेस्व्हेराट्रॉलही मद्यातून काढीत नाहीत. बोर्दोत ते छाटणीनंतर उरलेल्या काड्यांतून मिळवितात, आणि अन्यत्र पुष्कळदा एका जपानी गवताळ झुडपाच्या मुळांतून. मद्याने भरलेल्या टबात स्नान करण्याविषयी एवढेच सांगितले म्हणजे पुरे की, १९९९ मध्ये मार्तियाकच्या मळ्यात जे प्रसिद्ध स्नानगृह उघडले, तेथे जमिनीच्या पोटातून उपसलेले ऊन पाणी आणि द्राक्षाचे अर्क वापरतात, मद्य नव्हे. मद्यार्क त्वचेवरचा नैसर्गिक स्निग्धांश धुऊन काढतो, हे तेथील मंडळींना पक्के ठाऊक आहे.

आता 'नैसर्गिक' या बिरुदाकडे वळू. नैसर्गिक म्हणजे रसायनविरहित आणि म्हणून निरुपद्रवी, हा समज आपल्याकडे तरी टिकावयास नको होता, कारण बिब्ब्याहून नैसर्गिक काय असणार? परटाने कपड्यांवर खुणा करण्यास वापरलेला तो रस अंगाला लागला की कसे फोड उठतात, हे ज्याने एकदा पाहिले आहे, त्याला निसर्गाच्या दयाळूपणाविषयी व्याख्यान देण्याची गरज नाही. लिंबाचा रस चोळून उन्हात गेल्याने कातडी भाजून काळे डाग पडतात, तोही निसर्गाचाच प्रसाद. द्राक्षाविषयी तर ही गोष्ट विशेषच बजावली पाहिजे, कारण हे पीक फवारणीवाचून येतच नाही असे म्हटले तरी चालेल. बोर्दो आणि नाशिक यांचे सर्वांत जुने नाते मद्याचे नसून मोरचूद व चुना यांचे आहे. मेदोक भागात वाटसरूंनी घोस चोरू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर हे निळसर मिश्रण शिंपडीत असत. त्याच वेली डाऊनी या बुरशीच्या रोगातून वाचल्या हे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानी आले, आणि १८८५ मध्ये त्यांनी तो उपाय प्रसिद्ध केला. निफाड-दिंडोरीचा बागायतदार आजही त्याला 'बोर्डो' म्हणूनच ओळखतो. हे मिश्रण सेंद्रिय शेतीतही चालते. युरोपीय नियमांनी फक्त सात वर्षांत हेक्टरी २८ किलो तांब्याची मर्यादा घातली आहे. म्हणजे सेंद्रिय द्राक्ष याचा अर्थ न फवारलेले द्राक्ष असा होत नाही. शिवाय फवारणीचा अंश राहतो तो सालीवर, आणि साल जाते चोथ्यात. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाच्या अंशामुळे आपली निर्यातीची द्राक्षे युरोपात अडकून पडली आणि बागायतदारांचे अतोनात नुकसान झाले, तो कज्जा नाशिककर विसरलेले नाहीत. खावयाच्या फळाला जी अंशतपासणी लागते, ती चेहऱ्याच्या अर्काला नको, असे म्हणण्यास काही आधार नाही.

'परिरक्षकविरहित' हा शब्द दिसला की पुष्कळांना आश्वासन मिळाल्यासारखे वाटते. मला मात्र धास्ती वाटते. द्राक्षाचा रस उघडा ठेवला तर सालीवरच्या आणि हवेतल्या सूक्ष्म जीवांच्या कृपेने तो दोन-चार दिवसांत फसफसू लागतो, आणि मद्यनिर्मितीची सारी कला याच उपद्व्यापाला वळण लावण्यात आहे. असा रस किंवा पाणी ज्या मलमात आहे, त्यात रोज बोट बुडविले जात असता, रोखणारे काहीच नसेल, तर तेथे जंतूंची वसाहत होणार हे उघड आहे. निव्वळ तेलाला परिरक्षकाची गरज नसते, कारण पाण्यावाचून जंतू वाढत नाहीत. बाकी सर्वांना असते.

अर्क उत्तम, जतनही उत्तम, तरी तो कातडीत उतरतो का, हा प्रश्न राहतोच. ज्या द्रव्याच्या रेणूचे वजन ५०० डाल्टनहून अधिक, ते निरोगी त्वचेतून सहसा आत शिरत नाही, असा एक स्थूल नियम २००० साली बोस आणि माइनार्दी यांनी मांडला. रेस्व्हेराट्रॉल २२८ डाल्टनचे असल्याने त्याला परवाना मिळतो. बियांतील तुरट द्रव्यांचे दोन एककांचे रेणूच ५७८ चे, आणि पुढचे त्याहून जड, म्हणून ते बव्हंशी उंबरठ्यावरच थबकतात. तेथेही ते काही काम करीत असतील, पण परीक्षानळीत अमुक द्रव्य 'क' जीवनसत्त्वाच्या इतक्या पट प्रभावी ठरले, हा आकडा जसाच्या तसा गालावर लागू करणे म्हणजे साक्षीपुराव्यावाचून निवाडा देणे होय. द्राक्षबीज लावले म्हणजे उन्हापासून संरक्षण झाले, हा समज तर सरळ धोक्याचा. सनस्क्रीनचे काम सनस्क्रीननेच करावयाचे.

आपला १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम प्रसाधनाला शरीर स्वच्छ करणे, सुशोभित करणे, रूप खुलविणे अथवा पालटणे एवढाच अधिकार देतो. रोग बरा करण्याची सनद त्याने औषधाकडेच ठेवली आहे. पण ग्राहकाच्या खऱ्या उपयोगाचे कलम आहे ते वेष्टनावरील घटकांच्या यादीचे. शेकडा एकाहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने छापावयाचे, आणि त्याखालचे कोणत्याही क्रमाने, असा दंडक आहे. फेनॉक्सिइथेनॉल हा परिरक्षक जास्तीत जास्त शेकडा एकच घालता येतो. तेव्हा यादीत 'वायटिस व्हिनिफेरा सीड एक्स्ट्रॅक्ट' हे शब्द त्या परिरक्षकाच्या मागे उभे दिसले, तर अर्क शंभरात एका भागाहून अधिक नाही, हे बाटली न उघडता कळते. आणि 'एक्स्ट्रॅक्ट'च्या जागी 'ऑइल' असेल, तर आपण तेल घेत आहोत, तुरट द्रव्ये नव्हेत, हेही कळते. अल्प म्हणजे निरुपयोगी असे मात्र कोणी समजू नये, कारण रेटिनॉलसारखी द्रव्ये शेकडा अर्ध्याहून कमी प्रमाणातही आपला प्रभाव दाखवितात. फरक इतकाच की, रेटिनॉल विकणारा ते प्रमाण पुष्कळदा बाटलीवर छापतो, आणि द्राक्षाचा अर्क विकणारा बहुधा द्राक्षमळ्याचे चित्र छापतो.