डब्यात व कुंडीत टोमॅटोची लागवड

टोमॅटो आता घरोघरी रोजच्या स्वयंपाकात लागतो. परंतु त्याच्या भावाइतका चंचल भाव क्वचितच दुसऱ्या भाजीचा असेल. सन २०२३ च्या जुलै महिन्यात अनेक शहरांच्या किरकोळ बाजारात हा भाव किलोस १०० रुपयांच्या वर गेला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो इतका उतरला की, काही शेतकऱ्यांना आपला माल रस्त्यावर टाकून द्यावा लागला. भाव चढला म्हणजे ज्यांच्याकडे शेत नाही, परसही नाही, अशा भूमिहीन मजुरांच्या व गावठाणात दाटीने राहणाऱ्या कुटुंबांच्या ताटातून टोमॅटो प्रथम नाहीसा होतो. अशा कुटुंबांस अंगणाच्या कोपऱ्यात, ओट्यावर किंवा धाब्यावर चार डबे ठेवून हे पीक घेता येते. चांगली निगा राखल्यास एका झाडापासून साधारणपणे दीड ते दोन किलो फळे मिळतात. एवढ्याने बाजार सुटत नाही हे खरे. तथापि हंगामात घरची गरज पुष्कळ अंशी भागते.

डब्यातील झाड व शेतातील झाड यांतील फरक

शेतातील झाडाची मुळे ओलाव्याच्या व अन्नाच्या शोधात खोलवर व दूरवर जातात. डब्यातील मुळांना तशी सोय नसते. पाणी, अन्न व हवा ही तिन्ही त्यांना डब्यातच मिळाली पाहिजेत. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे पुढील बहुतेक सूचनांचे कारण आपोआप कळेल.

डब्याची निवड

तेलाचा १५ लिटरचा रिकामा पत्र्याचा डबा, जुनी बादली, फुटका माठ किंवा सिमेंटची रिकामी गोणी यांपैकी काहीही चालेल. मात्र त्याची खोली निदान एक फूट असावी. तळाशी बोटभर जाडीची चार-पाच छिद्रे पाडावीत आणि डबा दोन विटांवर ठेवावा, म्हणजे छिद्रे बुजत नाहीत. पत्रा उन्हाने तापून मुळांना इजा होऊ नये म्हणून डब्याभोवती गोणपाट गुंडाळावे.

कीटकनाशकाचा किंवा तणनाशकाचा रिकामा डबा, कितीही धुतला तरी, या कामी कधीही वापरू नये. ही सूचना कार्यकर्त्यांनी प्रत्येक घरी आवर्जून सांगावी. कारण असे डबे गावात सहज हाती लागतात व मजबूत दिसतात.

मातीचे मिश्रण

नुसती काळी माती भरू नये. ती पाणी धरून ठेवते, त्यामुळे मुळे गुदमरतात; आणि वाळली म्हणजे तिला भेगा पडून मुळे तुटतात. दोन भाग पोयटा माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत व एक भाग वाळू असे मिश्रण करावे. प्रत्येक डब्यास मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. वरची दोन इंच जागा पाण्यासाठी मोकळी सोडावी.

वाण, हंगाम व रोपे

थोड्या जागेसाठी, वाढ मर्यादित असणारे व झुडपासारखे वाढणारे वाण सोयीचे असतात. निवड करताना स्थानिक हवामानास अनुरूप वाण कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे घ्यावा. संकरित वाणाच्या फळांतील बी पुढील वर्षासाठी धरू नये; त्यापासून मूळ गुणांची झाडे मिळत नाहीत.

नवशिक्याने रब्बी हंगामात आरंभ करावा. सप्टेंबरमध्ये उथळ खोक्यात बी एक सेंटिमीटर खोल पेरावे. पांढरी माशी पर्णगुच्छ रोगाचा विषाणू पसरविते, म्हणून रोपांवर मच्छरदाणीचे कापड ताणावे. सुमारे चार आठवड्यांनी, रोपे वीतभर उंच झाली म्हणजे, संध्याकाळच्या वेळी एका डब्यात एकच रोप लावावे. रोप खालच्या पानांपर्यंत मातीत घ्यावे. गाडलेल्या खोडासही मुळे फुटतात. आधाराची काठी त्याच वेळी रोवावी. मागाहून रोवल्यास मुळांना इजा होते. डबा दिवसातून निदान सहा तास ऊन लागेल अशा जागी ठेवावा.

पाणी व वरखत

अपयश बहुधा पाण्यामुळेच येते. बोट मातीत एक इंच घालून पाहावे. ओल लागली तर पाणी देऊ नये, कोरडे लागले तर तळातून निथळेपर्यंत द्यावे. एक दिवस भरपूर व पुढे दोन दिवस काहीच नाही, असे केल्यास झाडाला चुना, म्हणजे कॅल्शियम, नीट घेता येत नाही आणि फळाचा तळ काळा पडून सडतो. हा रोग नव्हे. पाणी नियमित होताच पुढील फळे चांगली येतात. मातीवर पाचट किंवा वाळलेला पाला पसरल्यास ओल टिकते. तांदूळ व भाजी धुतलेले पाणी उपयोगी पडते. साबणाचे पाणी मात्र घालू नये.

फुले दिसू लागताच दर पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत द्यावे. युरियाच्या मोहात पडू नये. त्याने पाला माजतो व फळे कमी लागतात.

फळधारणा व पीक संरक्षण

आडोशाच्या ओट्यावर वारा लागत नसेल, तर सकाळी फुलोऱ्याच्या काठीस हलकेच टिचकी मारावी. त्यायोगे पराग झडून फळ धरते. उन्हाळ्यात तापमान ३५ अंशांच्या वर गेल्यास फुले गळतात. तो निगेचा दोष मानू नये.

पाणी पानांवर न पाडता बुंध्याशी द्यावे आणि मातीस टेकणारी पाने काढावीत, म्हणजे करपा कमी येतो. पाने आकसून झाड खुजे राहिल्यास ते पर्णगुच्छाचे लक्षण समजावे. त्यावर औषध नाही. झाड उपटून नष्ट करावे. किडींसाठी ५० ग्रॅम निंबोळी पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळावी, त्यात किंचित साबण मिसळून संध्याकाळी फवारावे. घराजवळील व रोज खाण्याच्या झाडावर विषारी औषधे टाळणेच हितावह होय.

पीक संपल्यावर तीच माती पुन्हा टोमॅटो, वांगी किंवा मिरचीस वापरू नये. ही सर्व एकाच कुळातील असल्याने रोग राहतात. ती उन्हात तापवून, नवे शेणखत मिसळून मेथी-कोथिंबिरीस द्यावी.

कार्यकर्त्यांनी प्रथम दहा घरी डबे वाटण्यापेक्षा एका घरी दोन डबे यशस्वी करून दाखवावेत. डिसेंबरात तेथे लाल फळे दिसू लागली म्हणजे शेजारची घरे आपणहून बी मागू लागतील.