खान्देशातील देशी झाडे – भाग ६ : बी आणि रोपवाटिका

बी कधी पिकते आणि किती दिवस जिवंत राहते, या दोन गोष्टींवर देशी झाडांच्या रोपवाटिकेचे वेळापत्रक ठरते. जळगाव-धुळ्याकडे खैराच्या शेंगा आणि बेहड्याची फळे हिवाळ्यात हाती येतात. अंजन आणि पळस उन्हाळ्यात. निंबोळी आणि मोहाची टोळंबी येईपर्यंत पाऊस तोंडावर आलेला असतो आणि तेव्हा दिरंगाई चालत नाही. निंबोळी दोन-तीन आठवडे ठेवली तरी तिची उगवण झपाट्याने घटते. गर धुऊन, सावलीत सुकवून ती लगेच पेरावी. बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत ती कधीच ठेवू नये.

बी एकाच झाडाचे नसावे. एकमेकांपासून लांब असलेल्या आठ-दहा निरोगी झाडांवरून थोडे थोडे घ्यावे, आणि सगळे न झाडता काही पाखरांना व मातीला ठेवावे. यावल अभयारण्यासारख्या संरक्षित जंगलातून वनखात्याच्या परवानगीशिवाय बी आणता येत नाही; पण शेताचे बांध, जुने रस्ते आणि देवस्थानांची आवारे यांतून पुष्कळ मिळते. भोक पडलेल्या शेंगा तिथेच टाकाव्यात, त्यांतले बी किड्याने खाल्लेले असते.

बहाव्याचे बी कठीण कवचाचे. नुसते पेरले तर महिनोन्‌महिने तसेच पडून राहते. डोळ्याच्या विरुद्ध टोकाला पॉलिश पेपरने घासायचे, आतला फिकट भाग दिसला की थांबायचे आणि रात्रभर पाण्यात ठेवायचे. सकाळी फुगलेल्या बिया पेरायच्या, न फुगलेल्या पुन्हा घासायच्या. बाभळीचे हे काम शेळ्या करतात: त्यांच्या पोटातून गेलेले बी लवकर रुजते, म्हणून जाणकार ते शेळ्यांच्या वाड्यातून वेचतात. धावडा आणि सालई यांची गोष्ट वेगळी. त्यांचे पुष्कळसे बी पोकळच असते. ते दाट पेरावे आणि थोडेच उगवेल हे धरून चालावे.

सातपुड्याच्या पायथ्याचे खास झाड म्हणजे अंजन. आपट्यासारखे जोडपान, अतिशय कठीण लाकूड. चपट्या, कागदासारख्या शेंगेच्या टोकाशी एकच बी असते. ते दरवर्षी भरपूर धरत नाही, मधली काही वर्षे जवळजवळ कोरडी जातात. त्यामुळे चांगल्या वर्षी हात आखडू नये. शेंगेचा पातळ भाग कापून बियाचा तुकडा पेरतात. रोप वर बोटभर दिसते तेव्हा मूळ खाली कितीतरी खोल गेलेले असते. दुधाच्या रिकाम्या पिशव्या फुकट मिळतात म्हणून स्वयंसेवकांच्या आवडीच्या, पण अंजनाला त्या आखूड पडतात. मूळ तळाशी गुंडाळले जाते आणि असे रोप माळावर पहिल्या उन्हाळ्यातच मान टाकते. अंजनाला उंच पिशवी द्यावी किंवा पहिल्या पावसात बी थेट जागेवरच टोकावे. दुसरा मार्ग जास्त बरा.

मातीत पूर्ण कुजलेले शेणखत आणि वाळू हवी. शेणखत कच्चे असेल तर वाळवी लागते. पिशव्या अधूनमधून हलवाव्यात, म्हणजे मुळे जमिनीत घुसत नाहीत. खरी परीक्षा मे महिन्यात. पारा ४५ अंशांकडे जातो, जूनमध्ये उत्साहाने आलेले हात तोवर पांगलेले असतात आणि दोन दिवसांचे पाणी चुकले की वर्षाचे काम जाते. पाण्याच्या पाळ्या पेरणीआधीच नावानिशी ठरवून घ्याव्यात. किती रोपे लावायची, हे त्या पाळ्यांवरून ठरवावे.

तयार रोपे कुठे लावायची, हाही प्रश्न आहेच. साक्री तालुक्यातील बारीपाड्याने १९९० च्या दशकापासून कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळून सुमारे ११०० एकर जंगल परत आणले. या कामाचे नेतृत्व करणाऱ्या चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. जमिनीत जुनी खोडे आणि मुळे जिवंत असतील तिथे राखण केली की फुटवा आपोआप येतो. तिथे रोपे नेऊन लावणे म्हणजे बहुधा श्रम वाया घालवणे. रोपवाटिकेतली रोपे खोडही न उरलेल्या माळांसाठी, गावठाणांसाठी आणि बांधांसाठी ठेवावीत.