निवटी बेडूक होणार नाही

काल्हेर-कशेळीच्या खाडीला ओहोटी लागली की खाजणातला चिखल हलायला लागतो. थोडं थांबून पाहिलं की कळतं, त्या निवट्या आहेत. डोक्याच्या वरच्या टोकाला डोळे असलेले हे मासे तिवराच्या मुळांमधून सरपटतात, उड्या मारतात, एकमेकांवर धावून जातात. भिवंडीच्या खाडीपट्ट्यात निवटीचं कालवण आवडीनं खाल्लं जातं. तरीही तिच्याबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगितली जाते: ही अर्धी मासा, अर्धी बेडूक, हळूहळू पुरती बेडूक होईल.

निवटी पुरती मासाच आहे, गोबी गटातली. चिखलावर असताना ती कल्ल्यांच्या कप्प्यात पाणी साठवून ठेवते आणि ओल्या कातडीतून, तोंडाच्या आतल्या अस्तरातून हवेतला प्राणवायू घेते. मधूनच डबक्यात लोळते ती यासाठीच. कातडी सुकली की तिचा श्वास अडतो. पुढच्या परांवर भार देऊन ती कुबड्यांवर चालावं तशी पुढे सरकते. डोळा खालच्या खोबणीत ओढून घेते, ओला करते, पुन्हा वर काढते. पण नुसत्या शरीरावर हे भागत नाही. चिखलातल्या बिळाच्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून निवटीच्या काही जाती तोंडात हवा भरून बिळात नेऊन सोडतात. अंडी वरच्या कप्प्यात चिकटवलेली असतात. ती या हवेवर वाढतात. मला तर परांपेक्षा ही खटपट मोठी वाटते.

बेडकांचे आणि आपले पूर्वज असलेले मासे सुमारे ३७ कोटी वर्षांपूर्वी उथळ पाण्यात वावरत होते. त्यांची शाखाच वेगळी, परांत जाड हाडं असलेली. निवटीला त्यांच्या वाटेनं जायचं नाही. ती अपुरी राहिलेली नाही. भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात राहायला ती आत्ताच पूर्ण आहे.

तिवराला मीठ आवडतं, हाही असाच समज. तिवर मीठ सोसतो. बरंचसं मीठ त्याची मुळं बाहेरच अडवतात, आत आलेल्यापैकी काही पानांवरच्या ग्रंथी बाहेर टाकतात. उन्हात पान चाटून पाहिलं तर जीभ खारट होते. समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा निमखाऱ्या पाण्यात तो अधिक जोमानं वाढतो.

आणि एक मोठी नांगी मिरवणारा तो छोटा खेकडा? ती नांगी खाण्यासाठी नाही. नर चिखल उचलून खातो तो लहान नांगीनं. मोठी हलवायची ती मादीला बोलवायला आणि दुसऱ्या नराला धाक घालायला. प्रत्येक अवयव पोट भरायला किंवा जीव वाचवायलाच असतो असं नाही. वंश पुढे न्यायलाही असतो.

या सगळ्याच्या मुळाशी असलेला गैरसमज मात्र जास्त नुकसान करतो: गरज पडली की प्राणी-झाडं स्वतःला बदलून घेतात. यंत्रमागांमुळे भिवंडीची तुलना ज्या मँचेस्टरशी होते, तिथलंच उदाहरण पाहू. ठिपक्यांच्या पांढरट पतंगाचा काळा प्रकार तिथं १८४८ साली नोंदला गेला. १८९५पर्यंत त्या भागातले सुमारे ९८ टक्के पतंग काळे होते. धुरानं पतंग काळे पडले नव्हते. जनुकातल्या बदलामुळे थोडे पतंग जन्मतःच काळे होते. काजळीनं झाडांची खोडं काळवंडल्यावर पांढरे पतंग पक्ष्यांना सहज दिसू लागले आणि काळ्यांची पिल्लं जास्त उरली. एकही पतंग स्वतः बदलला नाही. बदलली ती पिढ्यांमधली संख्या, तीही काळा प्रकार आधीच असल्यामुळे आणि वर्षाला एक पिढी होत असल्यामुळे.

म्हणून खाजणावर गोदामासाठी भराव पडताना कुणी म्हणतं, ‘झाडं सवय करून घेतील,’ तेव्हा मन कळवळतं. चिखलात हवा नसते, म्हणून तिवराची श्वसनमुळं पेन्सिलीसारखी जमिनीतून वर येतात आणि त्यांच्यावरच्या बारीक छिद्रांतून हवा खाली पोचते. भरती आली की ती काही तास बुडतात, पाणी ओसरलं की पुन्हा उघडी पडतात. हा गुण त्याला असंख्य पिढ्यांनी दिला आहे, आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्यासाठी आहे. डंपरची माती ओसरत नाही. मुंबई उच्च न्यायालयानं २००५ साली खारफुटीच्या तोडीबरोबर तिच्यावर राडारोडा टाकण्यालाही मनाई केली, ती योग्यच होती. मुळं गाडली गेली की तिवराला कुऱ्हाड लावावी लागत नाही. झाड काही काळ उभं दिसतं, पानं पिवळी पडून गळत जातात, आणि त्याच्या बुंध्याशी निवटीचं बीळ उरलेलं नसतं.