फुटपाथ आणि भिंत यांच्यामधले दहा फूट

मुंबईच्या इमारतींचा विषय निघाला की मान आपोआप वर जाते. व्हीटीचा घुमट, राजाबाई टॉवरचं घड्याळ, मरीन ड्राइव्हवरचे गोलाकार सज्जे. पायी चालणाऱ्याचा इमारतीशी रोजचा संबंध येतो तो मात्र खाली, जमिनीपासून दहा-बारा फुटांच्या आत. तिथे सावली आहे का, सर आली तर आडोसा मिळतो का, दोन मिनिटं टेकायला कट्टा आहे का, दार रस्त्याकडे उघडतं की इमारतीने रस्त्याकडे पाठ फिरवली आहे, एवढं पाहिलं तरी ती कोणत्या काळात आणि कोणत्या कायद्याच्या धाकाने उभी राहिली याचा अंदाज बांधता येतो. मुंबईत तर फारच चांगला बांधता येतो, कारण या शहराची खालची कड वास्तुरचनाकारांइतकीच नियमांनीही घडवली आहे.

सुरुवात दादाभाई नौरोजी मार्गापासून करायला हवी. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्याच 1860च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी फोर्टची तटबंदी पाडायला घेतली. मोकळ्या झालेल्या जागेत पुढे हा रस्ता रुंद झाला. तेव्हाचं त्याचं नाव हॉर्नबी रोड. 1896 मध्ये सरकारने इथल्या बांधकामावर एक अट घातली: तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींचा सलग, झाकलेला रस्ता सोडायचा. वर काय हवं ते बांधा. मालकांनी तसंच केलं. कुणी गॉथिक टोकदार कमानी घातल्या, कुणी ग्रीक धाटणीचे खांब उभे केले. वर एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही, पण खाली सगळे एका ओळीत. जुलैच्या धो धो पावसात व्हीटीकडून फ्लोरा फाउंटनकडे जाताना बरीचशी वाट छत्री मिटून चालता येते, ती या अटीमुळे.

या कमानींखालून सावकाश चालून पाहावं. एक इमारत संपून दुसरी सुरू होते तिथे पायाखालची फरशी बदलते, कधी मध्ये एखादी पायरी लागते, छत एकदम उंच होतं किंवा खाली येतं. खांबांचा दगड खांद्याच्या उंचीला गुळगुळीत आणि काळसर झालेला दिसतो, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे हात आणि पाठी लागून. दोन खांबांच्या मधल्या जागेत घड्याळाचे पट्टे विकणारा बसलेला असतो, पुढे मोबाइलची कव्हरं. गर्दीत चालणं जिकिरीचं होतं, हे खरं. पण मालकाच्या जमिनीवर, मालकाच्या छपराखाली, कुणाचीही परवानगी न विचारता उभं राहता येणं ही शहराने सामान्य माणसाला दिलेली मोठी गोष्ट आहे. मी या कमानींना घुमटांच्या वर जागा देईन. एका काळात दुकानांच्या पाट्यांनी त्यांची नक्षी पार झाकून टाकली होती. 1990च्या दशकाच्या अखेरीस वास्तुरचनाकार आभा नारायण लांबा यांच्या पुढाकाराने दुकानदारांची समजूत घालून पाट्या कमानींच्या आत बसवण्याचं काम सुरू झालं, आणि कमानींच्या माथ्याचे दगड पुन्हा दिसू लागले.

व्हीटीबद्दल इतकं लिहून झालं आहे की थोडक्यात पुढे जावं. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार 1878 मध्ये काम सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. दगडातले मोर, माकडं, पानंफुलं कोरण्यात जे. जे. कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचे हात होते. दगड ओळखायला शिकायचं असेल तर मात्र काळा घोड्याला जावं. तिथल्या वस्तुसंग्रहालयात मालाडचा पिवळसर दगड आणि कुर्ल्याचा निळसर काळा बेसॉल्ट शेजारी शेजारी आहेत. मालाड आणि कुर्ला ही आपल्यासाठी लोकलची स्टेशनं. एके काळी ती दगडाच्या खाणींची गावं होती. दक्षिण मुंबईची बरीच भव्यता उपनगरांतल्या टेकड्या फोडून आलेली आहे.

तिथून चार पावलांवर रीगल सिनेमा. 1933 साली तो उभा केला चार्ल्स स्टीव्हन्स यांनी, म्हणजे व्हीटीवाल्या स्टीव्हन्स यांच्या मुलाने. बापाने दगडात कोरीव काम केलं, मुलाने सिमेंट-काँक्रीटमध्ये सरळ, स्वच्छ रेघा ओढल्या. एका घरातल्या दोन पिढ्यांत शहराचं सामान बदललं, आणि सामान बदलल्यावर चेहरा बदलणारच. बॅकबेमध्ये समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर ओव्हलच्या पश्चिमेला आणि मरीन ड्राइव्हला या नव्या आर्ट डेको शैलीच्या इमारतींच्या रांगा लागल्या. ओव्हलच्या मधोमध उभं राहिलं की पूर्वेला हायकोर्ट आणि विद्यापीठाचं गॉथिक, पश्चिमेला डेको, असे दोन काळ समोरासमोर दिसतात. 2018 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून गौरवलं ते या समोरासमोर असण्याला.

डेको इमारतींमध्ये पाहण्यासारखा भाग म्हणजे खिडकीवरचा छज्जा. काँक्रीटमुळे तो भिंतीबाहेर आधाराशिवाय काढता आला. सूर्य डोक्यावर असताना तो काचेवर सावली धरतो, पावसात पाणी भिंतीपासून लांब टाकतो. कोपऱ्यावरच्या इमारतीत हेच छज्जे वळसा घेऊन पुढे जातात आणि जहाजाच्या डेकची आठवण देतात. कुंपणाची भिंत जेमतेम छातीएवढी, आणि फाटकाच्या लोखंडी पट्ट्यांतही बऱ्याचदा वरच्या कठड्याचीच नक्षी उतरलेली असते. रस्त्यावरून जाणाऱ्याचाही विचार त्या आराखड्यात होता, हे अशा फाटकांवरून कळतं.

ही शैली परदेशातून आली, पण इथे रुजवणाऱ्यांत मराठी माणसं होती आणि त्यांची नावं आपल्याला फारशी ठाऊक नाहीत याचं वाईट वाटतं. मरीन ड्राइव्हवरचा सूना महल आणि ओव्हलसमोरचं एम्प्रेस कोर्ट ग. बा. म्हात्रे यांचं. फोर्टातली न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची 1936 ची इमारत मास्टर, साठे आणि भुता या कंपनीची. तिच्या दर्शनी भागावर ना. ग. पानसरे यांनी घडवलेल्या उंच शिल्पाकृती आहेत: शेतकरी, कारागीर, कष्टकरी स्त्रिया. विमा कंपनीच्या दारावर कष्टकऱ्यांना इतक्या सन्मानाने उभं केलेलं मुंबईत दुसरीकडे क्वचितच सापडेल. समोरच्या फुटपाथवर थांबून त्या शिल्पांमधल्या पदरांच्या चुण्या जरूर पाहाव्यात.

दादर-माटुंग्याला गेलं की वेगळाच नियम पायाखाली येतो. 1896 च्या प्लेगने शहर हादरलं आणि 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. रोगाचं मूळ अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत आहे अशी समजूत पक्की झालेली होती. ट्रस्टचे अधिकारी जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा आग्रह धरला: इमारतीला जेवढी उंची, तिच्या निम्मी तरी मोकळी जागा समोर हवी, म्हणजे तळमजल्याच्या खिडकीलाही आकाश दिसेल. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्सच्या परिसरात चालताना जो मोकळेपणा जाणवतो त्यामागे झाडं आहेत, तशी ही भूमितीही आहे. तिथल्या जुन्या दोन-तीन मजली घरांच्या मधल्या अंतराकडे पाहिलं की प्लेगची भीती अजून वाचता येते.

गिरगावात आणि लालबाग-परळला हा मोकळेपणा नव्हता. तिथे चाळ होती. चाळीवर हळवं होऊन लिहायची आपल्याकडे सवय आहे. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं आणि मजल्याच्या टोकाला सामायिक संडास, हे त्यात अनेकदा मागे पडतं. पण रचना म्हणून चाळीतल्या दोन गोष्टी नीट पाहाव्यात: वर गॅलरी आणि खाली ओटा. गॅलरीतून रस्त्यावर हाक मारता येई, ओट्यावर कुणीही बसे. 1893 मध्ये केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला, तो उत्सव रुजायला चौकाची आणि गॅलऱ्यांची रचना तयारच होती. 1920च्या दशकात सरकारने बांधलेल्या 207 बीडीडी चाळी काँक्रीटच्या, रूक्ष, तुरुंगासारख्या दिसणाऱ्या. तरी दोन चाळींमधल्या पट्ट्यात क्रिकेट, हळदी आणि सभा होत राहिल्या. आता 160 चौरस फुटांच्या खोलीच्या जागी 500 चौरस फुटांचं घर मिळतं आहे. स्वतःचा संडास आणि लिफ्ट ही चैन नव्हे, तो हक्क होता आणि तो फार उशिरा मिळाला.

जुन्या पागडीच्या इमारतींना लागलेले लाकडी टेकू, भिंतीत उगवलेला पिंपळ, हेही एका कायद्याचं फळ. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली; भाडेकरू वाचला, पण मालकाने डागडुजीतून अंग काढून घेतलं. पुढे 1964 मध्ये एफएसआय आला आणि इमारतीचा आकार चौरस फुटांच्या हिशेबाने ठरू लागला. बाल्कनीला सवलत होती तोवर बाल्कन्या निघाल्या आणि लगेच काचा लावून खोलीत घेतल्या गेल्या. 2012 मध्ये बाल्कनीही हिशेबात धरली जाऊ लागली, तेव्हा नव्या टॉवरांतून ती आटत गेली. एखाद्या गल्लीत बाल्कन्यांवरून साल ओळखता येतं ते यामुळे.

आजच्या टॉवरच्या पायथ्याशी मात्र वाचण्यासारखं काही उरत नाही. खाली पाच-सहा मजले गाड्यांचं पोडियम, त्याला लोखंडी जाळ्या, समोर उंच कुंपण, एक वॉचमनची केबिन आणि गाड्यांसाठी उतार. पाऊस आला तर पादचाऱ्याने पुढची इमारत गाठायची, आणि तीही तशीच. गिरगाव-दादरच्या गल्ल्यांत पुनर्विकासाच्या सभा सध्या चालू आहेत. त्यात कार्पेट एरिया, कॉर्पस, पार्किंग, भाडं यांवर तासन्‌तास घासाघीस होते आणि ती व्हायलाच हवी. त्याच यादीत रस्त्याकडच्या बाजूची मागणीही घालता येईल: पोडियमच्या पुढे दुकानांची ओळ, तिच्यावर चालणाऱ्यापुरता छज्जा, कुंपण छातीएवढं, फाटकाशेजारी एक दगडी कट्टा. घराच्या क्षेत्रफळातला एक फूटही त्यासाठी सोडावा लागणार नाही. बिल्डरशी करार होण्याआधी सोसायटीने हे लेखी मागून घ्यावं. आराखडा मंजूर झाल्यावर ती कड कुणी बदलून देत नाही.