विणलेला बूट पाऊल कसें धरतो?

विणकाम म्हणजे काय, हें भंडारा जिल्ह्यांतील मुलांस निराळें सांगावयास नको. पवनीस किंवा मोहाडीकडे आंधळगांवास ज्यांचे नातलग आहेत, त्यांनीं मागावर चढलेलें कोशाचें लुगडें पाहिलेंच असेल. आणि हिवाळ्यांत आई अगर आजी सुयांवर लोकर विणीत बसलेली कोणीं पाहिली नाहीं? दोन्ही कामांस आपण एकच शब्द लावतों. परंतु तीं मुळांतच भिन्न आहेत, आणि हा भेद ध्यानांत न घेतल्यामुळें गतवर्षीं आमची जी फजिती झाली, तिची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

बाजारांत हल्लीं मोज्यासारखे विणलेले बूट मिळतात. ते आपणच कां करूं नयेत, असा प्रश्न वरच्या वर्गांतील मुलींनीं शिवणाच्या तासाला काढला. आम्हांसही ती कल्पना आवडली. जुन्या बुटांचे रबरी तळ घेतले, जाड लोकरीचें साध्या सुलट टाक्यांचें अंग विणलें, आणि तें तळाच्या कडेस दाभणानें शिवून टाकलें. जोड पायांत घालून जो तो उभा राही, तो 'काय मऊ आहे!' म्हणे. मग सातवींतील एक चपळ मुलगा तो घालून मैदानावर धांवला. सरळ रेषेंत सर्व ठीक चाललें. वळणावर मात्र तळ जागींच राहिला आणि पाऊल त्याच्या बाहेरच्या कडेवरून खालीं उतरलें. घोटा मुरगळला, मुलगा दहा दिवस लंगडला आणि वार्षिक शर्यतींस मुकला. त्याच्या घरीं जाऊन त्याच्या आईवडिलांस आम्हीं सांगितलें कीं, दोष मुलाचा नव्हे, आमचा आहे.

तो दोष कोणता, हें आतां पाहूं. मागावरच्या कापडांत ताणा व बाणा जवळजवळ सरळ ताणलेले असतात. उभें ओढा कीं आडवें, तें फारसें वाढत नाहीं, तिरपें ओढलें तरच थोडें सरकतें. सुयांवरच्या कामांत धागा सरळ नसतोच. एका फाशांतून दुसरा फास काढीत तो नागमोडी जातो. असें कापड ओढलें म्हणजे प्रथम फास पसरतात, आणि ते पुरते पसरल्यावरच धाग्यावर जोर येतो. शिवाय साधें सुलट विणकाम उभ्यापेक्षां आडवें अधिक ताणतें. (जुन्या स्वेटरची कंबर कशी सैल होते, तें आठवावें.) आमच्या बुटांत ही आडवी दिशा नेमकी पावलावरून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेली होती, आणि वळतांना पावलाचा सर्व जोर तिकडेच येतो. जेथें कापडानें धरावयाचें, तेथेंच तें सोडीत होतें!

मग सगळेंच कापड घट्ट करावें काय? तेंही चालत नाहीं. चालतांना टाच उचलली कीं चवडा रुंदावतो व बोटें पसरतात; दिवसभर उभें राहिलें तर संध्याकाळीं पाऊल किंचित् फुगतेंही. बोटांवर घट्ट कापड आलें कीं फोड आलाच. याउलट पावलाच्या मधल्या कमानीचा आकार फार बदलत नाहीं, म्हणून धरावयाचें तें तेथें. टाचेची रचना आणखी सोयीची आहे. ती खालीं गोल व घोट्याखालीं निमुळती असते. त्या निमुळत्या जागीं बुटाचा कांठ बसला, तर टाच वर निसटत नाहीं.

आपल्या चर्मकारांनीं हें मर्म केव्हांच ओळखलें आहे. कोल्हापुरी वहाण पाहा. तिला टाचेवर कांहींच नाहीं, बोटें मोकळीं. पाय धरला जातो तो अंगठ्याच्या फाशानें आणि कमानीवरच्या पट्ट्यानें. तो पट्टा ज्या दोन कानांना जोडलेला असतो, ते तळाच्या चामड्याच्या थरांत शिवलेले असतात. म्हणजे पट्ट्यावरचा जोर थेट तळावर जातो. आमच्या बुटांत तो जोर लोकरीच्या फाशांत विरून जात होता.

यंत्रावर मोजे विणणें नवें नाहीं. इंग्लंडांत विल्यम ली यानें १५८९ सालीं तसें यंत्र रचलें. परंतु धांवण्याच्या बुटाचें अंग विणून नाइकी व आदिदास या कंपन्यांनीं तें बाजारांत आणलें, तें २०१२ सालीं. त्यांच्या बुटांतील युक्ति अशी कीं, सगळें अंग एका तऱ्हेचें विणावयाचें नाहीं. बोटांवर सैल व जाळीदार टाके, घोट्याभोंवतीं लवचिक कांठ, आणि कमानीच्या दोन्ही बाजूंस दाट वीण. कित्येक बुटांत त्या विणीमधून न ताणणारे दोर तळापासून नाडीच्या भोंकांपर्यंत नेतात, म्हणजे नाडी आवळली कीं कापड नव्हे तर दोर ताणला जातो. कांहीं ठिकाणीं उष्णतेनें वितळणारा धागा मिसळून नंतर ऊब देतात. तो वितळून फासांस जागच्याजागीं चिकटवितो. जागा पाहून धागा बदलणें आपल्या विणकरांस परकें नाहीं. करवतकांठी लुगड्यांत दोन कांठांचे दोन आणि अंगाचा एक असे तीन धोटे चालतात, आणि कांठाचा बाणा अंगाच्या बाण्यांत गुंतवूनच ती करवतीसारखी दांतेरी कडा उठते.

आम्हांपाशीं असें यंत्र नव्हतें. सुती फीत होती. दुसऱ्या जोडांत आम्हीं प्रत्येक बाजूस फितीच्या चार पट्ट्या तळाच्या शिवणींत पक्क्या करून वर आणल्या, प्रत्येकीच्या टोकाला घडी घालून नाडीचें भोंक केलें, आणि त्या आंतून कापडास अधूनमधूनच टांचल्या. बोटांवरचे टाके तसेच सैल ठेविले. घोट्याखालचा कांठ एक सुलट एक उलट असा बारीक सुयांवर विणला. टाचेला मोज्याप्रमाणें अर्ध्याच टाक्यांवर मागेंपुढें विणून खोलगट आकार दिला. हें काम एका मुलीच्या आजीनें शिकविलें, कारण आमच्यापैकीं कोणासही तें येत नव्हतें.

या वेळीं शर्यत लावली नाहीं. आधीं एका पायावर उभें राहून वळणें, मग जिन्यावरून उतरणें, मग हलकें धांवणें, अशी परीक्षा घेतली. पाऊल तळावरून ढळलें नाहीं. उतरतांना बोटें पुढें आपटलीं नाहींत. एक दोष मात्र निघाला. करंगळीजवळ फितीची शिवण घांसून कातडी लाल झाली. तिसऱ्या जोडांत ती पट्टी बोटभर मागें घेतली आहे. लोकर पाणी पिते, तेव्हां श्रावणांत बांधींतल्या चिखलांत हा बूट कोणीं घालूं नये. तेथें आपला अनवाणी पायच बरा. पण कोरड्या मैदानावर तो चालतो, आणि तिसरा जोड प्रथम घालून पाहण्याचा मान सातवींतल्या त्याच मुलानें मागून घेतला आहे.