जन्मतारीख एक दिवस मागे का जाते?

ऑनलाइन फॉर्ममध्ये मुलाची जन्मतारीख १ जानेवारी भरावी आणि प्रिंटवर ३१ डिसेंबर यावी, तेही आदल्या वर्षाची, असा प्रकार तुमच्याही कानावर आला असेल. प्रवेशाचं वय जिथे ३१ डिसेंबरला मोजतात तिथे या एका दिवसाने अख्खं वर्ष बदलतं. मूल यादीत बसतं, पण जन्मदाखला जुळत नाही. दोष मात्र फॉर्म भरणाऱ्याला! खरं कारण बऱ्याचदा प्रोग्राममध्ये असतं, आणि ते भूगोलाच्या तासाला शिकवता येण्यासारखं आहे.

पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरची. ८२.५ गुणिले ४ म्हणजे ३३० मिनिटे, म्हणून आपण ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे.

आता ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट भाषा बघा. तिच्यात 'डेट' नावाची वस्तू असते, पण तिच्यात तारीख नसतेच. १ जानेवारी १९७० च्या जागतिक वेळेच्या (यूटीसी) मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले, एवढा फक्त आकडा असतो. (याच भाषेत महिने शून्यापासून मोजतात, जानेवारी म्हणजे ०. मुलांना हे सांगा, हमखास हसतात.) तुम्ही १ जानेवारी निवडलीत की प्रोग्राम भारतातली मध्यरात्र, म्हणजे ००:०० धरतो. सर्व्हरला पाठवताना तिची जागतिक वेळ करतो. साडेपाच तास वजा केले की उरतं ३१ डिसेंबर, १८:३०. पुढे कोणीतरी वेळ कापून टाकतो आणि नुसती तारीख ठेवतो. झालं! साठवलेल्या माहितीत जन्मतारखेपुढे १८:३० दिसलं तर समजा, गडबड इथेच आहे.

उपाय सोपा आहे. जन्मतारीख हा काही 'क्षण' नव्हे. ती वर्ष-महिना-दिवस अशीच, वेळेशिवाय साठवायची. फी कधी भरली, उत्तरपत्रिका कधी जमा झाली, हे मात्र क्षण. ते जागतिक वेळेत साठवायचे आणि दाखवताना स्थानिक करायचे.

पुढच्या पालकसभेचं गणित आणखी वेगळं. संध्याकाळी ७ ची ऑनलाइन सभा लंडनमधल्या पालकाला हिवाळ्यात दुपारी दीडला, तर उन्हाळ्यात अडीचला येते, कारण तिथे घड्याळं तासभर पुढे करतात. म्हणून नुसता '५:३०' हा फरक लिहून भागत नाही. सभेची स्थानिक वेळ आणि 'एशिया/कोलकाता' हे विभागाचं नाव, दोन्ही ठेवावं लागतं.

शाळेसाठी कोणी फॉर्म बनवून दिला तर १ जानेवारी भरून जतन करा आणि पुन्हा उघडून पाहा. मग लॅपटॉपचा टाइम झोन न्यूयॉर्क करून तेच परत करा. इथे बरोबर दिसणारी तारीख तिथे घसरू शकते, कारण न्यूयॉर्क ग्रीनिचच्या मागे आहे.