पिसवा आणि गोचिडी : पाळीव प्राण्यांचे रक्षण

कुत्र्याच्या अंगावर पिसवा दिसल्या की त्यास औषधी साबणाने न्हाऊ घालावे, असा सर्वसाधारण प्रघात आहे. एक-दोन दिवस त्यास बरे वाटते. परंतु लवकरच तो पुन्हा अंग खाजवू लागतो आणि दोष औषधाला दिला जातो. वस्तुतः कारण निराळे असते. अंगावर दिसणाऱ्या पिसवा हा त्यांच्या एकूण संख्येचा लहानसा अंश होय. उरलेला मोठा भाग अंडी, अळ्या व कोश या रूपांत घरातच असतो.

पिसवेची मादी दिवसाला ४० पर्यंत अंडी घालते. ती गुळगुळीत असल्यामुळे केसांवरून घरंगळून, कुत्रा जेथे झोपतो तेथे पडतात. त्यांतून निघालेल्या अळ्या उजेड टाळून सतरंजीच्या तळाशी व फरशीच्या फटींत शिरतात आणि प्रौढ पिसवांच्या विष्ठेतील सुकलेल्या रक्तावर जगतात. पुढे त्या कोश विणतात. कोशावर कीटकनाशकाचा फारसा परिणाम होत नाही. आतील पिसू प्राण्याची ऊब अथवा पावलांची कंपने जाणवेपर्यंत कित्येक आठवडे तशीच राहू शकते. बंद घर उघडताच पिसवांचा सुळसुळाट होतो, तो यामुळेच.

गोचीड ही कीटक नव्हे. ती कोळी व विंचू यांच्या वर्गात मोडते. कुत्र्यावरील तपकिरी गोचीड आयुष्यात तीन वेळा रक्त पिते आणि प्रत्येक वेळी गळून पडून भिंतीच्या भेगांत आश्रय घेते. तेथेच मादी हजारोंच्या संख्येने अंडी घालते.

या गोचिडीचा खरा धोका रक्तशोषणाचा नसून रोगाचा आहे. बाबेसिया हा परजीवी तांबड्या रक्तपेशींचा नाश करतो. त्याची एक जाती पॅटन यांनी १९१० साली मद्रासच्या शिकारी कुत्र्यांत वर्णिली. एर्लिचिया नावाचे जंतू श्वेतपेशींत वाढतात. ताप, अन्नावरची वासना उडणे, फिकट हिरड्या, तांबूस लघवी किंवा नाकातून रक्त येणे ही लक्षणे दिसताच पशुवैद्याकडे जावे. विलंब झाल्यास कुत्रा दगावू शकतो.

बंगळूरच्या आग्नेयेस होसूर मार्गावरील बोम्मसंद्र्याचा परिसर सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. तेथे कडक हिवाळा नसल्याने या जिवांची वाढ वर्षभर चालू राहते. म्हणून तेथे ऋतू पाहून उपाय करणे व्यर्थ ठरते.

रानातील गोचिडींच्या जाती वेगळ्या आहेत. त्यांच्यापासून माणसास होणारा क्यासनूर वनज्वर, अर्थात माकडताप, १९५७ साली शिमोगा जिल्ह्यात प्रथम ओळखला गेला व २०१६ मध्ये सिंधुदुर्गातही पसरला. यास्तव रानातून परतलेल्या जनावराचे अंग तपासताना हातमोजे वापरावेत.

उपाय एकाच वेळी दोन ठिकाणी करावा लागतो. अंथरूण दर आठवड्यास गरम पाण्यात धुवावे, फटी झाडून कचरा बाहेर टाकावा व भिंतींच्या भेगा लिंपाव्यात. प्राण्यास थेंबाचे औषध, पट्टा अथवा गोळी पशुवैद्याच्या सल्ल्याने, वजनानुसार व ठरलेल्या मुदतीने द्यावी. घरातील सर्व कुत्र्या-मांजरांवर एकाच वेळी उपचार करावा. कुत्र्याचे परमेथ्रिनयुक्त औषध मांजरास कदापि लावू नये. मांजराच्या यकृतास त्या विषाचा निचरा नीट करता येत नाही व ते प्राणघातक ठरू शकते.

चिकटलेली गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी. तिच्यावर रॉकेल ओतू नये, तिला डागू नये किंवा बोटांनी चिरडू नये. काढलेली गोचीड स्पिरिटात टाकावी व हात साबणाने धुवावेत. हा क्रम काही महिने अखंड चालविला तरच घरातील पिढ्यांची साखळी तुटते.